नमस्काराची परतफेड

जगातील निरनिराळ्या समाजांत अभिवादन कसे केले जाते, या विषयावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्या लेखांचा साचा आता इतका पक्का झाला आहे की पुढचा परिच्छेद न वाचताही सांगता येतो. जपानी माणूस कमरेत वाकतो, न्यूझीलंडचे माओरी नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवतात, थायलंडमध्ये हात जोडून 'वाई' करतात, तिबेटात जीभ दाखवण्याची जुनी रीत होती, फ्रेंच लोक गालाला गाल लावतात. एवढी प्रदक्षिणा झाली की लेखक घरी परततो आणि आपला नमस्कार या सर्वांत कसा निर्मळ, आरोग्यदायी व अर्थगर्भ आहे हे सांगून लेखणी खाली ठेवतो. २०२० साली महामारीच्या आरंभी परदेशी नेतेही हस्तांदोलन टाळून नमस्कार करा असे सांगू लागले, तेव्हा तर या लेखांना बहरच आला होता.

अशा लेखांतील माहिती चुकीची असते असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप त्यांच्या गृहीतकाला आहे. अभिवादन ही जणू पोशाखासारखी किंवा पक्वान्नासारखी एखाद्या समाजाची मालमत्ता आहे, आणि त्या समाजातील कोणीही ती कोणाही समोर वापरतो, असे हे लेख धरून चालतात. प्रत्यक्षात अभिवादन हा दोन माणसांमधला व्यवहार असतो. त्यात आधी कोण झुकतो, समोरचा उत्तर देतो की नाही, आणि दिलेच तर त्याच नाण्यात देतो की दुसऱ्या, हे पाहिल्याशिवाय त्या व्यवहाराचा अर्थ कळत नाही. जपानी माणूस वाकतो हे खरे. पण कोण किती वाकतो आणि आधी कोण उठतो, यात तेथील सगळे समाजशास्त्र आहे. ते वगळले की उरते ते पर्यटन.

आपल्या नमस्काराचेच पाहू. 'नमस्' म्हणजे लवणे, ही व्युत्पत्ती आपण वर्गात सांगतो आणि पुढे जातो. पण हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणाला होता? १७७९ साली मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने सोनार जातीच्या लोकांवर एक मनाई हुकूम बजावला. सोनारांपैकी काही जण स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवत होते आणि ब्राह्मणांप्रमाणे अभिवादनासाठी 'नमस्कार' हा शब्द वापरू लागले होते. पेशव्यांशी असलेल्या स्नेहसंबंधांची बूज राखण्यासाठी त्यांना तो वापरण्यास बंदी घालण्यात आली. डॉ. आंबेडकरांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात वरच्या जाती खालच्यांना वर येऊ देत नाहीत याचे उदाहरण म्हणून हा प्रसंग दिला आहे. वर्षही लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना नामोहरम केले होते. ज्या दोन सत्ता रणांगणावर एकमेकींसमोर उभ्या होत्या, त्यांचे एका गोष्टीवर मात्र एकमत होऊ शकत होते. मुंबईच्या सोनाराने कोणाला काय म्हणावे, ही ती गोष्ट. आज शासकीय कार्यक्रमापासून दूरचित्रवाणीवरील बातम्यांपर्यंत ज्या शब्दाने आपण सर्वांचे सरसकट स्वागत करतो, तो शब्द अडीचशे वर्षांपूर्वी परवान्याचा माल होता.

मोडीतील जुना पत्रव्यवहार ज्यांनी चाळला आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. पत्राचा मायना हे त्या काळच्या समाजाचे व्याकरणच होते. ब्राह्मणाने ब्राह्मणाला लिहिताना साष्टांग नमस्कार, ब्राह्मणाने मराठा सरदाराला लिहिताना आशीर्वाद, सरदाराने ब्राह्मणाला लिहिताना दंडवत, बरोबरीच्यांत रामराम, मुसलमान अधिकाऱ्याला सलाम. मजकूर सुरू होण्याआधीच लिहिणारा कोण, वाचणारा कोण आणि दोघांमधील उतार कोणत्या बाजूला, हे स्पष्ट होत असे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेल्या साधनांच्या खंडांत ही पत्रे शेकड्यांनी आहेत. आपण ती मजकुरासाठी वाचतो आणि मायना ओलांडून जातो. पुढे हीच पद्धत शाळेतल्या पत्रलेखनात उतरली. वडिलांना 'सा. न. वि. वि.', बरोबरीच्याला 'स. न. वि. वि.', धाकट्याला 'अनेक उत्तम आशीर्वाद'. साष्टांग आणि सप्रेम यांतील फरक एका कान्याचा होता. पण तो कान चुकला तर पत्र घेणाऱ्याच्या कपाळाला आठी पडत असे.

येथे कोणी म्हणेल की वडिलांना नमस्कार आणि धाकट्याला आशीर्वाद, यात अन्याय तो कसला? आम्हालाही त्यात अन्याय दिसत नाही, आणि का दिसत नाही हे नीट सांगितले पाहिजे. नमस्काराला आशीर्वाद हे उत्तर खरे. पण ती परतफेड नव्हे. वाकणारा वाकलेलाच राहतो, देणारा वरून देतो. तरीही वयाचा मान हा फिरता मान आहे. आज जो वाकतो तो चाळीस वर्षांनी ओट्यावर बसून दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवतो. सून पुढे सासू होते. जे दिले ते काळाच्या ओघात परत मिळते, फक्त दुसऱ्याच माणसाकडून. जातीचा मान असा फिरत नाही. ऐंशी वर्षांचा महार म्हातारा दहा वर्षांच्या पाटलाच्या पोरापुढे वाकत असे, आणि त्याचे वय कितीही वाढले तरी त्याची पाळी येत नसे. नवराबायकोमधील 'अहो' आणि 'अगं' यांचेही तसेच. पन्नास वर्षांच्या संसारानंतरही त्यांची अदलाबदल होत नाही. मग वडीलधाऱ्यांना वाकणे ही आपली संस्कृती, असे म्हणून जेव्हा कोणी सर्वच वाकण्याचे समर्थन करतो, तेव्हा तो फिरत्या मानाच्या आड स्थिर मान लपवत असतो.

महारांसाठी रूढीने नेमून दिलेला शब्द होता 'जोहार'. रामराम हा शब्द गावात मोकळेपणी चालत असला तरी महाराने पाटलाला रामराम म्हणायचे नाही. त्याने जोहारच म्हणायचे, तेही अंतर राखून आणि वाकून. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हा शब्द प्रथम भेटतो तो संतवाङ्मयात. चोखामेळ्याच्या नावावर जोहाराच्या रचना आहेत आणि एकनाथांच्या भारुडांत तर जोहार हा एक स्वतंत्र प्रकारच आहे. गावचा महार पाटील-कुळकर्ण्यांपुढे उभा राहून गावाची खबर देतो. मात्र ते गाव म्हणजे देह, आणि तो दरबार देवाचा. या रूपकाचे कौतुक आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत पुष्कळ केले आहे. एका ब्राह्मण कवीने सोळाव्या शतकात महाराच्या तोंडून गावाला ज्ञान सांगावे ही लहान गोष्ट नाही, हे आम्हीही मानतो. परंतु देवापुढचा जोहार आणि पाटलापुढचा जोहार यांत एक फरक होता, तो रूपकात नाहीसा होतो. देवाला जोहार घातला नाही तर चावडीवर बोलावणे येत नसे.

चावडीवरचे बोलावणे कसे येई, हे पाहण्यासाठी भारूड सोडून बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या आत्मकथनाकडे यावे लागते. वरच्या जातीचा माणूस वाटेत दिसला की महार स्त्रियांनी रस्ता सोडून खाली उतरायचे, पदराने अंग झाकून घ्यायचे, वाकून जोहार घालायचा. एखादी नवी नवरी, अजून पोरच, बावरून किंवा न कळून तशीच उभी राहिली तर तो माणूस तडक महारांच्या चावडीवर जाऊन आरडाओरडा करी, आणि मग नवरीच्या सासऱ्याला, साऱ्या वस्तीला त्याच्या पाया पडून क्षमा मागावी लागे. लेखिका हे सारे एखादा हिशेब मांडावा तशा स्वरात सांगतात. त्या मुलीने कोणाला शिवी दिली नव्हती, कोणाचे काही घेतले नव्हते. तिच्याकडून येणे असलेली एक वस्तू तिने चुकती केली नव्हती, एवढेच. वसुली मात्र साऱ्या वाड्याकडून झाली. आम्हाला वाटते, अभिवादनाविषयी मराठीत लिहिल्या गेलेल्या सर्व चिंतनपर निबंधांपेक्षा या एका प्रसंगात अधिक ज्ञान आहे.

या पार्श्वभूमीवर 'जय भीम' या अभिवादनाकडे पाहिले पाहिजे. त्याचे श्रेय सामान्यतः कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास यांना दिले जाते. १९३७ साली ते मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ साली, पस्तिशीतच, वारले. मुसलमानांमधील सलामाची आणि त्याच्या उत्तराची रीत पाहून त्यांना ही कल्पना सुचली, आणि 'जय भीम'ला उत्तर म्हणून 'बल भीम' म्हणावे असे त्यांनी योजले होते, असे सांगितले जाते. ते उत्तर काही रुजले नाही. लोकांनी 'जय भीम'ला 'जय भीम' हेच उत्तर दिले. आमच्या मते ही दुरुस्ती लोकांच्या अचूक जाणिवेतून झाली असावी. निराळे उत्तर म्हणजे पुन्हा दोन शब्द, आणि दोन शब्द झाले की कोणता कोणाचा हा प्रश्न आलाच. येथे जो शब्द गेला तोच परत आला. सलामाचा मूळ धर्मही हाच आहे. अभिवादन झाले की त्याहून चांगल्या शब्दांत, निदान तितक्याच चांगल्या शब्दांत ते परत करावे, अशी कुराणाची आज्ञा आहे. तोच सलाम आपल्याकडे दरबार, कचेरी आणि पलटण यांतून फिरून आला तेव्हा 'सलाम ठोकणे' या वाक्प्रचारापुरता उरला. एकमेकांसाठी शांती चिंतणारा शब्द एका बाजूने कपाळाला लावलेला हात झाला. मंगेश पाडगावकरांनी आपल्या १९७८ सालच्या संग्रहाला 'सलाम' हे नाव दिले तेव्हा त्यामागे कोणता सलाम होता, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागले नाही.

तेव्हा अपमान शब्दात असतो, ही समजूत सोडलेली बरी. याला सर्वांत मोठा पुरावा जोहाराचाच आहे. झारखंडमधील संथाळ, मुंडा आदी आदिवासी समाजांत 'जोहार' हे परस्परांचे, सन्मानाचे अभिवादन आहे. आज तेथील जाहीर सभांची सुरुवात त्याच शब्दाने होते, आणि महाराष्ट्रातील आदिवासी चळवळीतही तो अभिमानाने उच्चारला जातो. महारवाड्याने जो शब्द टाकून दिला तोच शब्द दुसऱ्या एका वंचित समाजाने ध्वजासारखा धरला आहे. व्युत्पत्तिकोश उघडून या विरोधाचा उलगडा होणार नाही. तेथे जोहाराला जोहार मिळतो. येथे तो मिळत नव्हता.

ही विषमता मोडण्याचे प्रयत्न इतर समाजांतही झाले, आणि त्यांची दिशा पाहणे उद्बोधक आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्यांचे क्वेकर अनुयायी यांनी कोणापुढेही डोक्यावरची टोपी काढायची नाही आणि एकवचनी माणसाला एकवचनच लावायचे, असे ठरवले. त्या वेळी इंग्रजीत 'दाऊ' हा आपल्या 'तू'सारखा आणि 'यू' हा 'तुम्ही'सारखा होता. न्यायाधीश असो की सरदार, क्वेकर त्याला 'दाऊ' म्हणे आणि त्यासाठी मार, दंड, तुरुंग सोसे. १६७० साली विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्यावर लंडनमध्ये जो खटला झाला त्यातील टोपीचा प्रसंग तर एखाद्या प्रहसनात शोभावा असा आहे. हे दोघे न्यायालयात आले तेव्हा कोणी तरी त्यांच्या टोप्या काढून घेतल्या होत्या. न्यायपीठाने त्या पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवायला लावल्या, आणि मग टोपी न काढल्याबद्दल दोघांना प्रत्येकी चाळीस मार्क दंड ठोठावला. मान दिला जात नाही एवढ्याने त्या पीठाचे समाधान नव्हते. तो न देण्याचा गुन्हा घडताना त्याला पाहायचा होता.

जावा बेटावरील भाषेत बरोबरीच्याशी वा खालच्याशी बोलण्याची 'न्गोको' आणि वरच्याशी बोलण्याची 'क्रोमो', असे दोन मुख्य थर आहेत. सर्वनामच नव्हे, तर साधी साधी क्रियापदे आणि नामेही बदलतात. तेथे १९१७ साली सुराबाया शहरात 'जावा दिपा' नावाची चळवळ उभी राहिली आणि सर्वांनी सर्वांशी न्गोकोच बोलावी असा तिचा आग्रह होता. स्वीडनमध्ये समोरच्या माणसाला सर्वनाम न लावता त्याच्या पदवीने, तृतीय पुरुषात संबोधण्याची अवघड रीत होती. १९६७ साली तेथील आरोग्य खात्याचे प्रमुख ब्रोर रेक्सेड यांनी आपण सर्व कर्मचाऱ्यांना 'डू', म्हणजे 'तू' म्हणणार असल्याचे जाहीर केले. तसा बदल आधीच सुरू झालेला होता, पण या घोषणेने तो चटकन पक्का झाला. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या ऐन भरात, १७९३ च्या सुमारास, सर्व नागरिकांनी एकमेकांना 'तू' म्हणावे असा आग्रह धरला गेला होता. तो मात्र क्रांतीचा ज्वर ओसरल्यावर ओसरला.

या चारही प्रयत्नांत समतेची पातळी खालच्या थराला आणून बसवलेली दिसते. सर्वांना 'तू', सर्वांसमोर टोपी. मराठीच्या मुलखात मात्र एक प्रयोग याच्या नेमका उलट झाला आहे, आणि तो किती विलक्षण आहे याची आपल्याला सवयीने जाणीव राहिलेली नाही. वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. वाकलेला उठतो न उठतो तोच ज्याच्यापुढे तो वाकला तो त्याच्या पायांशी वाकलेला असतो. वय विचारले जात नाही आणि प्रत्येक जण 'माउली' असतो. येथे कोणाचाही मान काढून घेतलेला नाही. सर्वांत मोठा जो मान, तोच प्रत्येकाला दिलेला आहे. महानुभावांचा 'दंडवत प्रणाम'ही परस्परांचाच. क्वेकरांनी राजाला शेजाऱ्याच्या पंक्तीत बसवले; वारकऱ्यांनी शेजाऱ्याला देवाच्या पंक्तीत.

एवढे म्हटल्यावर हेही सांगितलेच पाहिजे की ज्या पंढरीच्या वाटेवर हे घडत होते, त्या पंढरीच्या मंदिरात जाण्याचा अधिकार अस्पृश्यांना मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. चोखोबांची समाधी महाद्वारी, पायरीजवळ, आत नाही. वाळवंटात परत मिळालेला नमस्कार गावच्या वेशीत शिरताना पुन्हा एकमार्गी होत असे. परतफेडीचे अभिवादन म्हणजे समता, असे समीकरण मांडण्याचा मोह म्हणून आम्ही आवरतो. समतेचा तो पुरावा नव्हे, पण विषमतेचा पुरावा शोधायचा झाल्यास सर्वांत आधी हात घालावा असे ठिकाण मात्र तेच आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा विषय आणखी एका वाटेने भेटतो, आणि ती वाट भाषांतराची आहे. इब्सेनचे 'अ डॉल्स हाउस' हे १८७९ सालचे नाटक आपण बहुधा इंग्रजीतून वाचतो. मराठीत ते अनंत काणेकरांच्या 'घरकुल'मुळे परिचित आहे. त्यातील हेल्मर हा बँकेचा नवा व्यवस्थापक क्रोगस्टाड नावाच्या कारकुनाला काढून टाकतो. क्रोगस्टाडने पूर्वी खोटी सही केली होती, हे कारण तो सांगतो. नोरा फारच गळ घालते तेव्हा खरे कारण बाहेर पडते. दोघे लहानपणचे मित्र, आणि हा कारकून चारचौघांत, बँकेतल्या लोकांदेखत, हेल्मरला अरे-तुरे करतो! खोटी सही एक वेळ नजरेआड करता आली असती, असे तो जवळजवळ कबूलच करतो. हे 'तू' सोसवत नाही. नोरा म्हणते, हे कारण फार क्षुद्र आहे. 'क्षुद्र' हा शब्द हेल्मरला इतका झोंबतो की तो मोलकरणीला हाक मारून बडतर्फीचे पत्र त्याच क्षणी रवाना करतो, आणि नाटकातील अनर्थाला तेथून वेग येतो.

इंग्रजीत 'दाऊ' मरून गेल्यामुळे इंग्रज भाषांतरकाराची येथे पंचाईत होते. तो बिचारा 'मला पहिल्या नावाने हाक मारतो' अशी काही तरी डागडुजी करतो. मराठीला अशी कोणतीही अडचण नाही. हा प्रसंग मराठीत जितका नेमका बसतो तितका तो इंग्रजीत कधीच बसणार नाही. पण मराठी भाषांतरकारापुढे एक दुसरा पेच उभा राहतो. मूळ नॉर्वेजियन नाटकात नोरा आणि हेल्मर हे पतिपत्नी एकमेकांना 'तू'च म्हणतात. मराठीत नोराने हेल्मरला काय म्हणावे? 'अहो' म्हटले तर प्रेक्षकाला ती ओळखीची वाटते आणि दाराबाहेर पडण्याची तिची कृती अधिकच धाडसी ठरते. 'अरे' म्हटले तर मूळ इमानाने उतरते, पण मग मित्राच्या 'तू'ने घायाळ होणारा हा गृहस्थ बायकोचे 'तू' मुकाट्याने कसे ऐकतो, हा प्रश्न मराठी मनात उठतोच. मुळात उत्तर सोपे आहे. घरातले 'तू' चार भिंतींत राहते, आणि घरातल्या बाहुलीचे 'तू' कोणी मनावर घेत नाही. कारकुनाचे 'तू' मात्र साक्षीदारांसमोर उच्चारलेले असते, आणि त्यात 'आपण दोघे एकेकाळी एका बाकावर बसलो होतो' हा दावा असतो. इंग्रजी प्रत हातात धरून हे नाटक शिकवताना या सगळ्याला आपण मुकतो. मराठीतून शिकवले तर वर्गाला ते अर्ध्या मिनिटात कळते, कारण 'अरेला कारे' काय असते हे मराठी वर्गाला ठाऊक असते.

'अरेला कारे' हा वाक्प्रचार आपण उद्धटपणासाठी वापरतो, याचे आम्हाला नवल वाटत आले आहे. एकाने 'अरे' म्हटले, दुसऱ्याने 'का रे' म्हटले. हिशेब चुकता झाला. भाषेने मात्र दोष दिला तो दुसऱ्याला, कारण 'अरे' वरून खाली येणे स्वाभाविक आणि 'का रे' खालून वर जाणे हा आगाऊपणा, हे तिने आधीच ठरवून टाकले आहे. वाक्प्रचारांचे कोश या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत. 'रामराम ठोकणे' म्हणजे सोडून जाणे आणि अलीकडच्या राजकारणात 'जय महाराष्ट्र करणे' म्हणजेही तेच. अभिवादनाचा निरोप कसा झाला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.

मराठी घरांत गेल्या दोन पिढ्यांत एक मोठा बदल झाला आणि त्यासाठी कोणत्याही रेक्सेडला भाषण करावे लागले नाही. आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' ही जुनी विभागणी मोडली आणि 'बाबा, तू' सर्रास झाले. अनेक जोडप्यांत 'अहो' गेले, नवरा नावाने हाकेला आला. घरात अशा रीतीने परतफेड सुरू झाली, ती खाली उतरून, 'तू'च्या पातळीवर. घराच्या उंबऱ्याबाहेर मात्र जुना उतार कायम आहे. 'बाबा, तू' म्हणणारा मुलगा रिक्षावाल्यालाही 'तू' म्हणतो, पण पहिल्या 'तू'ला 'तू' परत मिळते आणि दुसऱ्याला बहुधा 'साहेब'. शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांनी दूरध्वनीवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावे असे आवाहन केले, तेव्हा पहिला शब्द कोणता असावा यावर पुष्कळ वाद झाला. त्या शब्दानंतर अर्जदाराला 'तुम्ही' म्हणायचे की 'तू', हा प्रश्न कोणी काढल्याचे आमच्या वाचनात आले नाही. कचेरीच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाला विचारले असते तर त्याने हाच प्रश्न आधी काढला असता.

आणि आपली महाविद्यालये? तेथे अध्यापक 'सर' आणि 'मॅडम' असतात. गुरुजी, मास्तर, बाई हे शब्द शाळेत, तेही खेड्यातल्या शाळेत, राहिले. विद्यार्थी आपल्याला 'तुम्ही' म्हणतात, आपण त्यांना 'तू' म्हणतो. हा वयाचा, म्हणजे फिरता मान आहे असे म्हणून आपण सुटू शकतो, आणि त्यात तथ्यही आहे. त्या बाकांवरचे काही जण उद्या या फळ्यापुढे उभे राहतील. जो शिपाई हजेरीपट आणून देतो तो 'मामा' आणि जी बाई वर्ग झाडते ती 'मावशी'. नात्याचे शब्द आहेत, कानाला गोड आहेत, आणि ते वापरताना आपण माणुसकीने वागत आहोत असे आपल्याला मनापासून वाटते. पण मावशी म्हणून त्यांना कोणी वाकून नमस्कार केलेला नाही, आणि त्याही आपल्याला भाचा समजून 'अरे' म्हणत नाहीत. त्या 'सर' म्हणतात. वीस-पंचवीस वर्षे हा व्यवहार चालतो. मग सेवानिवृत्तीच्या दिवशी सूचनाफलकावर निरोप समारंभाची सूचना लागते, तीत 'श्रीमती' लावून पूर्ण नाव छापलेले असते, आणि मराठी विभागातले दोघे-तिघे त्या फलकापाशी थांबून एकमेकांना विचारतात की या कोण.